गल्ल्यावरून : क्लिक बेचाळीसशे, ऑर्डरी एकोणीस

या खेपेला पत्रं बरीच आली, आणि निम्म्याहून जास्त एकाच दुखण्याची : लिंकवर क्लिक पडतात, पैसे दिसत नाहीत. नव्या वाचकांसाठी दोन ओळींत माझी ओळख. कराडला आमचं मिक्सर-गिझर दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं मी त्याच्या गल्ल्यावर बसते, आणि गेली नऊ वर्षं दुपारच्या निवांत वेळी घरगुती उपकरणांबद्दल मराठीत लिहिते. लेखात वस्तूची लिंक असते. तिच्यावरून जाऊन कुणी वस्तू घेतली तर विकणारी कंपनी मला कमिशन देते. याला ॲफिलिएट जाहिरात म्हणतात. आमचे सासरे याला दलाली म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

ताई, माझं पारंपरिक पदार्थांचं यूट्यूब चॅनेल आहे. चाळीस हजार सबस्क्राइबर आहेत. प्रत्येक व्हिडिओखाली मी कढई, कुकर, मिक्सर, पुरणयंत्र अशा चौदा लिंक देते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ४,२०० क्लिक आले, ऑर्डरी फक्त १९, आणि हातात पडले ७८० रुपये. एवढी माणसं क्लिक करून जातात तरी कुठे? — एक वाचक, बार्शी

आधी हिशेब मांडू. शंभर क्लिकांमागे अर्धी ऑर्डरसुद्धा नाही, आणि एका क्लिकमागे साडेअठरा पैसे. तुम्ही हे आकडे जरा लाजत लिहिलेत असं वाटलं. लाजू नका, माझं पहिलं वर्ष याहून वाईट होतं.

तुम्ही विचारता, ती जातात कुठे. मी विचारते, ती आली कशाला होती? पावसाळ्यात आमच्या दुकानाच्या पायरीवर माणसं आडोशाला उभी राहतात. उभं राहून कंटाळा येतो म्हणून हा मिक्सर केवढ्याला, तो केवढ्याला असं विचारतात, आणि पाऊस उघडला की निघून जातात. यात त्यांची काही चूक नाही. पण त्यांना गिऱ्हाईक समजून मी माल भरला असता तर दुकान कधीच बसलं असतं.

तुमचा पुरणपोळीचा व्हिडिओ मी पाहिला. फार सुरेख आहे. पण तो पाहणारी बाई पोळी फाटते म्हणून आलेली आहे. ती ओट्याशी उभी आहे, एक हात पिठाचा आहे, दुसऱ्या हाताच्या करंगळीनं ती व्हिडिओ मागे घेते आहे. तिच्या घरी मिक्सर आहे, कढई आहे. त्या क्षणी ती काहीही विकत घेणार नाही. त्यातून चुकून एखाद्या लिंकवर बोट पडलं तर तो तुमच्या बेचाळीसशेतला एक क्लिक.

आता माझ्या वहीतलं एक उदाहरण देते. ‘घरासाठी सर्वोत्तम दहा मिक्सर’ असा एक लेख मी मोठ्या हौसेनं लिहिला होता. त्याला वाचक भरपूर आले आणि ऑर्डरी तुमच्यासारख्याच. त्याच सुमारास एक छोटं टिपण लिहिलं : ओलं खोबरं मिक्सरमध्ये बारीक का होत नाही. हा प्रश्न आमच्या काउंटरवर आठवड्यातून एकदा तरी येतोच. खोबरं थोडं असतं आणि भांडं मोठं. मग ते भिंतीला चिकटून बसतं आणि पातं नुसतं हवेत फिरतं. चटणीचं लहान भांडं घ्या, दोन चमचे पाणी घाला आणि थांबून थांबून फिरवा, एवढंच त्यात लिहिलं होतं. खाली एकच लिंक, सुट्ट्या चटणीच्या भांड्याची, आणि सोबत एक इशारा की तुमच्या मिक्सरच्या कंपनीचंच घ्या, दुसरं बसत नाही. त्या वर्षी त्या पानावर क्लिक आले २१२ आणि ऑर्डरी १७, म्हणजे शंभराला आठ. कारण तिथं आलेली बाई अडलेली होती, आणि तिचं अडलेलं काम त्या एका वस्तूनं सुटणार होतं.

दुसरी गोष्ट, यूट्यूबच्या आकडेवारीत ‘देश’ हा रकाना उघडा. पारंपरिक मराठी पदार्थांचे व्हिडिओ न्यू जर्सी, दुबई, मेलबर्न इथं बसून पाहणारी आपली माणसं थोडी नाहीत. होळीच्या आठवड्यात तर माझ्याही पानांवर ती दिसतात. त्यांनी तुमच्या लिंकवर क्लिक केला की समोर भारतातलं दुकान उघडतं, आणि कुकर काही तिकडे पोचत नाही. ॲमेझॉनचा ॲफिलिएट कार्यक्रम अमेरिकेत वेगळा आणि भारतात वेगळा आहे, खातंही वेगळं काढावं लागतं. तुमचे पाचातले दोन प्रेक्षक परदेशी निघाले तर ते खातं काढणं फायद्याचं. शंभरात दोन निघाले तर विसरून जा, पण ते क्लिक हिशेबातून वजा करायला मात्र विसरू नका.

तिसरी गोष्ट ऑगस्ट महिना. इथं जरा सविस्तर सांगते, कारण हे बाहेरच्या कुठल्या मार्गदर्शनात तुम्हाला मिळणार नाही. आपलं गिऱ्हाईक पंचांगावर चालतं. साडेतीन मुहूर्त तुम्हाला मी सांगायला नकोत : पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि अर्धा बलिप्रतिपदेचा. पितृपक्षात लोक नवी वस्तू घरात आणत नाहीत, पण बघतात मात्र तेव्हाच! बायका निवांत किमती पाहतात, दोन मॉडेलं शेजारी ठेवतात, जावेला विचारतात. क्लिक तेव्हा पडतात आणि खरेदी घटस्थापनेनंतर होते. आणि ॲमेझॉनच्या लिंकची मुदत किती? २४ तास. त्या वेळात वस्तू कार्टमध्ये टाकली तर पुढे साधारण ९० दिवसांपर्यंत तुमचा हक्क राहतो. नुसती पाहून सोडली तर दुसऱ्या दिवशी तुमचं नाव पुसलं गेलं.

२०२५ साली तर हे सगळं एकावर एक आलं. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधान म्हणाले की दिवाळीपर्यंत जीएसटी कमी होणार. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेत निर्णय झाला आणि नवे दर लागू झाले २२ सप्टेंबरला. आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या, त्या दिवशी घटस्थापना, आणि दुसऱ्या दिवशी ॲमेझॉन-फ्लिपकार्टचे मोठे सेल. एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांवरचे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ वर आले. मिक्सरवरचा कर आधीही १८ होता आणि नंतरही १८च राहिला, पण हे गिऱ्हाईकाला कोण सांगणार? लोक सरसकट थांबले. आमच्या दुकानात त्या महिनाभरात विक्री अशी झालीच नाही, दुरुस्त्या मात्र दुप्पट आल्या. ‘दिवाळीपर्यंत ढकला हो वहिनी,’ म्हणून जळकी मोटार गुंडाळून घेणारे रोज दोघे-तिघे. तेव्हा तुमचा ऑगस्ट तुमच्या प्रेक्षकांच्या माथी मारू नका. तोच व्हिडिओ ऑक्टोबरमध्ये काय करतो ते पाहा.

यावर मी काय करते ते सांगते. लांबलचक तुलनेचा लेख पितृपक्षात टाकते, त्यात लिंक नाममात्र. घट बसले की त्याच विषयाचं एक आखूड पान टाकते : घरी चार माणसं असतील तर हा घ्या, दहा असतील तर तो. आधी वाचून गेलेली माणसं परत येतात ती याच पानावर.

तुमच्यासाठी एवढंच. चौदा लिंकांच्या दोन करा. प्रत्येक व्हिडिओला वेगळा ट्रॅकिंग आयडी द्या, म्हणजे कोणत्या व्हिडिओनं काय विकलं ते कळेल. आज तुमची सगळी दूधं एकाच किटलीत आहेत, पाणी कुणी घातलं ते कसं समजणार? आणि ‘ऑर्डर’ हा आकडा पाहून खूश होऊ नका, माल पोचून परत न आलेला आकडा पाहा. वस्तू हातात आल्यावर पैसे द्यायच्या बोलीवर मागवलेला माल दारातूनच परत जायचं प्रमाण आपल्याकडे मोठं आहे, आणि वस्तू परत गेली की कमिशनही परत जातं.

काकू, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इअरफोन आणि कीबोर्डवर लिहितो. माझ्या तीन मित्रांनी माझ्याच लिंकवरून खरेदी केली, मी समोर बसलो होतो. डॅशबोर्डवर नोंद एकाचीच. दोघांचे पैसे कुणी खाल्ले? — एक वाचक, पुणे

आधी हे सांग, मित्रांना मुद्दाम घ्यायला लावलं होतंस का? पुष्कळ कार्यक्रमांत स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी आपल्याच लिंकवरून घेतलेलं धरत नाहीत, आणि तसं वारंवार दिसलं तर खातं बंद होतं. तसं नसेल तर पुढे वाच.

या धंद्यात बहुतेक ठिकाणी शेवटच्या क्लिकचा मान असतो. तू दोन तास खपून कीबोर्डचा आवाज रेकॉर्ड केलास, मित्रानं ते ऐकून ठरवलं, आणि पैसे भरायच्या आधी कूपन शोधायला तो दुसऱ्या साइटवर गेला. कमिशन त्या कूपनवाल्याचं. लग्न जमलेलं असताना मांडवाच्या दारात उभं राहून मध्यस्थीचा आहेर मागणारी माणसं असतात ना, तसं. कूपनच्या साइटींचं ‘रूपांतर’, म्हणजे शंभर क्लिकांमागच्या ऑर्डरी, तुझ्यामाझ्यापेक्षा नेहमीच डोळे दिपवणारं दिसतं ते यामुळे. ते विकत नाहीत, विकलेल्याच्या वाटेत उभे राहतात.

हनी नावाचं ब्राउझरचं एक एक्स्टेन्शन आहे, म्हणजे ब्राउझरला जोडायचं, कूपन शोधून देणारं साधन. ऑनलाइन पैसे भरण्याची सोय देणाऱ्या पेपॅलनं ते २०२० मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलरना घेतलं. डिसेंबर २०२४ मध्ये एका यूट्यूबरनं व्हिडिओ करून आरोप केला की पैसे भरण्याच्या पानावर हनीची खिडकी उघडते आणि तिच्यावर बोट पडलं की आधीच्या माणसाची नोंद जाऊन हनीची बसते, कूपन मिळो न मिळो. अमेरिकेत त्यावर दावे दाखल झाले. आपण या क्षेत्रातल्या शेवटच्या क्लिकच्या रिवाजानंच चालतो, असं पेपॅलचं म्हणणं. पुढे मार्च २०२५ मध्ये गूगलनं क्रोमच्या एक्स्टेन्शनचे नियम बदलले : वापरणाऱ्याचा प्रत्यक्ष फायदा होत नसेल तर ॲफिलिएट लिंक घुसवायची नाही.

याहून जुनी आणि उघडउघड चोरीची गोष्ट ईबे या अमेरिकी खरेदी-विक्रीच्या साइटची. शॉन होगन आणि ब्रायन डनिंग हे त्यांचे सगळ्यात जास्त कमावणारे दोन ॲफिलिएट. लोक भलत्याच पानावर असताना त्यांच्या नकळत ईबेची कुकी, म्हणजे गिऱ्हाईक कुणाच्या लिंकवरून आलं ते लक्षात ठेवणारी चिठ्ठी, ब्राउझरमध्ये टाकायची, आणि मग त्यातला कुणी आपल्या मनानं ईबेवर जाऊन काही घेतलं की कमिशन यांना. २००८ मध्ये ईबे कोर्टात गेली आणि २०१४ मध्ये होगनला पाच, डनिंगला पंधरा महिन्यांची कैद झाली. मला यातली गंमत अशी वाटते की कागदावर हेच त्यांचे सर्वांत यशस्वी विक्रेते होते.

तुझ्या मित्रांचं मात्र बहुधा साधं असेल. कुणाकडे आयफोन आहे का? त्यातल्या सफारी ब्राउझरनं मार्च २०२० पासून तिऱ्हाइताच्या, म्हणजे उघडलेल्या साइटखेरीज दुसऱ्या कुणाच्या, कुकी पूर्ण बंद केल्यात. लिंक इन्स्टाग्राममध्ये उघडली होती का? तिथं ॲपच्या पोटातलाच ब्राउझर उघडतो आणि त्यात दुकानाचं लॉगिन नसतं. मग माणूस ते बंद करून दुकानाचं ॲप उघडतो, नाव शोधतो आणि घेतो. तुझी लिंक मागेच राहते.

माझ्याकडे हा घोळ वेगळ्या रूपात येतो. माझ्या वाचक पन्नाशीच्या बायका. लेख त्या वाचतात, पण ऑर्डर करतो पुण्यातला किंवा बंगळुरूचा मुलगा. आई फोनवर मॉडेलचं नाव सांगते, तो शोधून पाठवतो, आणि मी कुठेच नसते. बऱ्याच उशिरा मला हे कळलं, तेही एका बाईनं ‘तुमच्यामुळे घेतला हो’ म्हणून फोन केला तेव्हा. तिच्या मुलानं मिक्सर पाठवून महिना झाला होता. तेव्हापासून लेखाच्या शेवटी एक बटण आहे : ‘हा लेख मुलाला पाठवा’. लेखच गेला की लिंकही त्याच्याबरोबर जाते. मुलींनी तक्रार केल्यावर मजकुरात ‘मुलीला’ घातलं. आता दोन बटणं आहेत.

मॅडम, लिंकमधून आपल्याला पैसे मिळतात असं लिहिलं की लोक बिचकतात. लिहिणं बंधनकारक आहे का? मी शेवटी बारीक अक्षरात ‘हॅशटॅग कोलॅब’ टाकतो. — निवृत्त शिक्षक, चिपळूण

सर, बंधनकारक आहे, आणि तुम्ही टाकता तेवढं पुरत नाही. जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे आस्कीचे, नियम जून २०२१ पासून लागू आहेत, आणि ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं काढली. सांगायचं ते ठळक सांगायचं, हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही, आणि मजकूर ज्या भाषेत त्याच भाषेत सांगायचं. तुमचे वाचक मराठी, तर ‘कोलॅब’ म्हणजे कंपनीशी केलेली भागीदारी हे त्यांना कळणार आहे का? ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

बिचकण्याबद्दल म्हणाल तर माझ्या प्रत्येक लेखाच्या डोक्यावर ओळ आहे : ‘या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं. तुम्हाला किंमत तीच पडते.’ ती टाकल्यावर क्लिक थोडे घटले. ऑर्डरी घटल्या नाहीत. गेले ते पायरीवरचे.

तीन वर्षं शेतीच्या अवजारांवर ब्लॉग लिहितो आहे. गूगलवरून येणारे वाचक निम्म्यावर आले. सगळं सोडून व्हॉट्सॲप ग्रुपवरच लिंक टाकाव्यात का? — एक वाचक, लातूर

निम्म्यावर कोणते आले ते आधी पाहा. शोधाच्या पानावर सगळ्यात वर यंत्रानंच तयार केलेलं उत्तर दाखवणारी गूगलची सोय (एआय ओव्हरव्ह्यू) भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये आली. माझ्याकडे त्यानंतर ‘इंडक्शन म्हणजे काय’, ‘वॅट म्हणजे काय’ असली पानं ओस पडली. त्या पानांनी मला कधी पाच रुपये दिले नव्हते, म्हणून फार रडले नाही. ‘गिझरमधून करंट येतो’ हे पान मात्र जसंच्या तसं आहे. यंत्रानं दिलेलं उत्तर वाचूनही माणसाला भीती वाटतेच. अंघोळीचा प्रश्न आहे.

तुमच्याकडेही तसंच असेल. ‘तुषार सिंचन म्हणजे काय’ गेलं असेल. पण ‘फवारणी पंपाची बॅटरी दोन तासांत का उतरते’ हे तुम्ही स्वतः हातात पंप धरून, फोटो काढून लिहिलंत का? तुमच्या पत्रात तुम्ही दहा लेखांची नावं दिलीत, त्यातले आठ ‘म्हणजे काय’ जातीचे आहेत.

व्हॉट्सॲपचं माझं दुखणं ऐका. तीन वर्षांपूर्वी मी भिशीच्या आणि सोसायटीच्या ग्रुपांवर थेट लिंक टाकायला सुरुवात केली. ओळखीची माणसं, त्यामुळे ऑर्डरी धडाधड. अडीच महिन्यांनी एका मोठ्या कार्यक्रमानं खातं बंद केलं आणि जमलेलं कमिशन गोठवलं. बंद ग्रुप, ईमेल, छापील कागद यांतून लिंक द्यायची नाही, हे त्यांच्या नियमांत होतं. मी वाचलं नव्हतं. सतरा पानं इंग्रजी कोण वाचतं? आता वाचते, मुलाला शेजारी बसवून. ग्रुपवर लेखाचा पत्ता टाका, दुकानाची लिंक लेखातच राहू द्या. आणि ज्यांची लिंक टाकता त्यांचे नियम आधी पाहा, प्रत्येकाचे निराळे असतात.

‘घरबसल्या ॲफिलिएटमधून महिना पन्नास हजार’ असा ४,९९९ रुपयांचा कोर्स आहे. शेजारणीनं घेतलाय, मलाही घे म्हणते. घेऊ का? — एक गृहिणी, डोंबिवली

नको.

शेजारणीला एवढंच विचारा की तुम्ही घेतलात तर तिला किती मिळणार. असल्या कित्येक कोर्सांत शिकवतात ते हाच कोर्स पुढच्याला कसा विकायचा ते. मिक्सर नाही, इअरफोन नाही, चटणीचं भांडंसुद्धा नाही. माणसं जोडत जायची आणि खालच्याच्या पैशातून वरच्याला द्यायचं, अशा पिरॅमिडच्या योजनांना थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनी मनाई आहे. तरीही शेजारीण आग्रह धरत असेल तर तिच्या फोनवरचा डॅशबोर्ड मागा, आणि गेल्या महिन्यात कोर्स सोडून दुसरं काय विकलं ते पाहा. त्यात एखादी कढई जरी निघाली तर मला कळवा.